आमची वाटचाल

साकीनाक्याच्या गाळ्यात दोघांनी सुरुवात केली तेव्हा जवळ होतं ते तीन सॉक्सलेट (अर्क काढायची काचेची उपकरणं), एक जुना रोटाव्हॅप (द्रावक उडवायचं यंत्र) आणि एलआयसीवर काढलेलं कर्ज. ओल्या किराइताच्या पाल्यातून अँड्रोग्राफोलाइड हे कडू संयुग काढायचं आणि मिलिग्रॅमवर विकायचं. पहिले स्फटिक पडले तेव्हा भागीदाराने हौसेने एक कण जिभेवर ठेवला आणि रात्रीच्या जेवणापर्यंत तोंड वाकडं करून बसला.

मग निर्गुडीचं प्रकरण झालं. पाल्याचा हेक्झेन या द्रावकात काढलेला अर्क, त्यातले घटक वेगळे करायला 60-120 मेश सिलिकाचा कॉलम, त्यातून निघालेल्या एका फ्रॅक्शनला, म्हणजे भागाला, टीएलसीवर (घटक किती ते दाखवणाऱ्या पट्टीवर) सुरेख एकच ठिपका. स्टॅफिलोकॉकस जिवाणूंच्या प्लेटवर झोनसुद्धा आला, म्हणजे जिवाणू न वाढलेलं वर्तुळ. नवीन संयुग सापडलं म्हणून पेढे वाटले, चार ठिकाणी नमुने पाठवले. माटुंग्याच्या कॉलेजातल्या मॅडमचा फोन आला. रेणूंचं वस्तुमान दाखवणाऱ्या मास स्पेक्ट्रममध्ये 391 आणि 149. "अहो, हे झाडातलं नाही. नळी कसली वापरता?"

ड्रममधून हेक्झेन ओढायला लोहार चाळीच्या बाजारातून आणलेली पारदर्शक पीव्हीसीची. आणली तेव्हा लवचीक होती, वर्षभरात काठीसारखी ताठ झाली. रोज हातात धरत होतो, पण डोक्यात प्रकाश पडला नाही. तिला मऊ ठेवणारं थॅलेट हे रसायन हेक्झेनमध्ये उतरत होतं; 391 आणि 149 हे त्याचेच आकडे. वीस लिटर उडवून वाटीभर उरलं की त्यात तेच. झोन त्याच फ्रॅक्शनमधल्या दुसऱ्या कशाचा तरी होता. आणखी शुद्ध केल्यावर गेला.

चूक आमचीच. पण आमच्याच रांगेतल्या एका धंदेवाल्याने "हे लोक प्लास्टिक विकतात" असं गिऱ्हाइकांना फोन करकरून सांगितलं. पाच महिने ऑर्डर नाही. भागीदार सोडून गेला. त्याला दोष देत नाही. म्हणजे, थोडा देतो. मॅडम मात्र दर महिन्याला 100 मिलिग्रॅम अँड्रोग्राफोलाइड मागवत, चेक आगाऊ. एवढं त्यांना लागत होतं का, कधी विचारलं नाही.

नव्या मुलांना सांगतो, कुणी विचारलं नसलं तरी: ब्लँक चालवा. पाल्याशिवाय नुसतं हेक्झेन, तितकंच, त्याच भांड्यांतून, त्याच नळीतून. आणि अँटिऑक्सिडंट चाचणीतल्या डीपीपीएच या रसायनाचा जांभळा रंग उडाला म्हणजे औषध सापडलं असं नाही. लिंबाचा रसही तो उडवतो.

पुढची वर्षं बरी गेली. गेल्या दिवाळीला फराळ द्यायला त्या शेजाऱ्याच्या गाळ्यात गेलो होतो. हेक्झेनच्या ड्रममध्ये पारदर्शक नळी, वाकवली तर मोडेल अशी. डबा टेबलावर ठेवला आणि परत आलो.