कपाटामागची भिंत

घरं भाड्यानं लावून देणं आणि सोडताना डिपॉझिटचा हिशेब मिटवणं हे माझं काम. त्या दिवशी सामान निघालं, कपाट हललं आणि मागची भिंत दिसली. रंगाचे पोपडे, काळी बुरशी, बोट लावलं की गिलाव्याचा भुगा.

घरमालक उखडले. "खिडक्या बंद करून आत कपडे वाळत घालता! डिपॉझिट विसरा."

भाडेकरू बाई एवढंच म्हणाल्या, "काका, पाणी भिंतीतून येतं."

मी शेजारच्या ओलसर पण रंग शाबूत असलेल्या जागी प्लास्टिकचा तुकडा लावला, चारही कडा चिकटपट्टीनं बंद केल्या आणि किल्ली माझ्याकडे ठेवली. खोलीतल्या दमट हवेचं पाणी असेल तर थेंब प्लास्टिकवर बाहेरून धरतात, भिंतीतलं असेल तर आतून. दोन दिवसांनी बाहेरून प्लास्टिक कोरडं होतं, आतून थेंबच थेंब. भिंतीतल्या पाइपचा सांधा गळत होता.

काकांचा आवाज खाली आला. "तीन वर्षं! एकदा तरी सांगायचं होतं." घर कर्जावरचं, हप्ता भाड्यातूनच जातो. तेव्हा सांधा बदलून भागलं असतं, आता अख्खी भिंत खरवडायची.

"सांगितलं असतं तर घर सोडा म्हणाला असतात. मग जायचं कुठं?"

मला बोलता येईना. हे घर दाखवलं होतं तेव्हा एका संध्याकाळी बारा कुटुंबं आली होती. इतकी टंचाई असली की नळ गळतोय हेसुद्धा कुणी बोलत नाही आणि घर आतून कुजत जातं. भाडी गोठवा म्हणणाऱ्यांची तगमग मला कळते. पण बर्लिननं २०२० साली गोठवली, तेव्हा राहत्या भाडेकरूंना दिलासा मिळाला, नव्यानं घर शोधणाऱ्यांसाठी मात्र जाहिराती आटल्या. २०२१ मध्ये न्यायालयानं तो कायदाच रद्द ठरवला. मुळात घरं वाढायला हवीत, हे मी रोज बघतो.

डिपॉझिट पूर्ण परत मिळालं. बाई मात्र लांबच्या एका खोलीत गेल्या, वाढलेलं भाडं झेपत नव्हतं.

नव्या करारात मी एक कलम सुचवलं: दुरुस्ती कळवली म्हणून भाडं वाढणार नाही, घरही सोडायला लावणार नाही. काका तेव्हा काहीच बोलले नाहीत. रात्री त्यांचा फोन आला. "लिहा ते. आणि माझा नंबर मोठ्या अक्षरात घाला."