सकाळचा रस, संध्याकाळचा ग्लास

बाबांचा जबडा मोडला त्याला आता दोन वर्षं झाली. जिन्यावरून पडले, खालच्या जबड्याचं हाड दोन ठिकाणी चिरलं, आणि डॉक्टरांनी वरचे-खालचे दात तारांनी एकमेकांना बांधून टाकले. सहा आठवडे तोंड उघडायचं नाही. पोटात जे जायचं ते दातांच्या फटीतून, पातळ आणि गाळलेलं. नुसत्या रसावर माणूस राहत नाही, त्यामुळे दूध, सूप, डॉक्टरांनी लिहून दिलेली प्रथिनांची पावडर हे सगळं चालूच होतं. पण मनापासून त्यांना हवा असायचा तो फळांचा रस. बोलता येत नव्हतं म्हणून उशाशी एक वही ठेवली होती. तिच्या पहिल्याच पानावर त्यांनी लिहिलं, "संत्र्याचा मिळेल का?"

मी सकाळी साडेआठला घर सोडायची ती संध्याकाळी सातला परत यायची. दिवसभर आई घरी असायची, पण तिची मनगटं दुखरी. ज्युसर उघडणं, चोथा पिळणं, भांडी घासणं तिच्याच्यानं होत नव्हतं. म्हणजे सकाळी सातला काढलेला रस संध्याकाळच्या ग्लासापर्यंत चांगला राहायला हवा होता. पुढचे सहा आठवडे मी त्याच खटपटीत होते.

पहिल्या दिवशी सफरचंदाचा रस केला. मिक्सरमध्ये फिरवला, गाळला, अर्ध्या भरलेल्या मोठ्या बाटलीत ओतून फ्रीजच्या दारात ठेवला. दुपारी आईनं बाबांना दिला तेव्हा तो गढूळ तपकिरी झाला होता. संध्याकाळी वहीत वाचलं, "याला गंज चढलाय." ओळ वाचून वाईट वाटलं, पण उपमा बरोबर होती. सफरचंदाच्या पेशींमध्ये पॉलीफिनॉल ऑक्सिडेज नावाचं एक विकर (एन्झाइम) असतं आणि ज्यांच्यावर ते काम करतं ती द्रव्यं वेगळ्या कप्प्यात असतात. सुरी लागली, पातं फिरलं की कप्पे फुटतात, दोन्ही एकत्र येतात, हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि रंग बदलायला लागतो. मिक्सर तर रसात हवा अक्षरशः कोंबतो. वर येणारा तो जाड फेस म्हणजे हवाच.

दुसऱ्या दिवसापासून क्रम बदलला. आधी अर्ध्या लिंबाचा रस रिकाम्या भांड्यात पिळायचा आणि सफरचंदाचा रस त्यावर गाळायचा. तीन सफरचंदांना अर्धं लिंबू पुरतं. शेवटी पिळलेल्या लिंबाचा तितका उपयोग होत नाही, कारण रंग पहिल्या दोन-चार मिनिटांतच बदलायला लागलेला असतो. लिंबाच्या आंबटपणानं ते विकर मंदावतं आणि त्यातलं क जीवनसत्त्व बदलू लागलेला रंग मागे फिरवतं. आदल्या रात्री फळं फ्रीजमध्ये ठेवायची, म्हणजे रस निघतो तोच गार. मिक्सर सलग न चालवता थांबून थांबून फिरवायचा. मग ओल्या मलमलीच्या फडक्यातून गाळायचं, पाच मिनिटं स्थिर ठेवून वरचा फेस चमच्यानं काढून टाकायचा, आणि लहान बाटल्या गळ्यापर्यंत भरून लगेच झाकण लावायचं. एका लिटरच्या बाटलीपेक्षा दोनशे मिलिलिटरच्या पाच बाटल्या कितीतरी बऱ्या. एकदा उघडली की संपली. उरलेल्या चार बाटल्यांना हवा लागतच नाही. त्या संध्याकाळी रस फिकट सोनेरी होता. तळाशी थोडा गाळ बसला होता, तो हलवला की मिसळतो. वहीत फक्त एक मोठी बरोबरची खूण होती. ते पान मी अजून जपून ठेवलं आहे.

संत्र्याचं दुखणं वेगळं निघालं. सकाळी चाखला तेव्हा गोड, दुपारी कडू. मला वाटलं, फळंच खराब. मग लक्षात आलं की मी फोडी बियांसकट मिक्सरमध्ये टाकत होते आणि सालीखालचा पांढरा भागही निम्मा तसाच राहत होता. बियांत आणि त्या पांढऱ्या भागात एक पदार्थ असतो, तो स्वतः कडू नसतो. रसाच्या आंबटपणात तो हळूहळू बदलतो आणि त्याचं लिमोनिन होतं, ते मात्र चांगलंच कडू. म्हणून ताजा रस फसवतो, कडवटपणा काही तासांनी येतो. संत्रं आडवं कापून हातयंत्रावर हलक्या हातानं पिळलं की प्रश्नच मिटतो. शेवटचा थेंब काढण्याच्या नादात साल दाबायची नाही.

या दरम्यान एका मावशींनी फोनवर ठासून सांगितलं, की रस काढल्यावर पंधरा मिनिटांत त्यातलं सगळं क जीवनसत्त्व उडून जातं, साठवलेला रस म्हणजे नुसतं साखरेचं पाणी. हे मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे की इथं स्पष्ट लिहिते: संत्र्या-लिंबाच्या आंबट रसात क जीवनसत्त्व बऱ्यापैकी तग धरतं. गळ्यापर्यंत भरलेली बंद बाटली, थंड आणि अंधारी जागा मिळाली तर एका दिवसात त्यातला बहुतेक भाग शाबूत राहतो. त्याचे शत्रू म्हणजे उष्णता, हवा, उजेड आणि तांबं. याचं सर्वांत बोलकं उदाहरण जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरचं. 1747 मध्ये त्यानं स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावानं होणारा आजार, झालेल्या बारा खलाशांवर वेगवेगळे उपाय करून पाहिले, आणि ज्या दोघांना संत्री-लिंबं मिळाली तेच झपाट्यानं बरे झाले. पण लांबच्या प्रवासात फळं टिकत नाहीत, म्हणून त्यानं रस तापवून आटवायचा आणि तो पाक बाटल्यांत भरायचा असं सुचवलं. तापवण्यात आणि पुढच्या साठवणीत नेमकं जे हवं तेच बरंचसं नष्ट व्हायचं. त्या काळी जीवनसत्त्व ही कल्पनाच नव्हती, त्याला दोष तरी कसा देणार. मला मात्र त्यातून दोन गोष्टी मिळाल्या: रस विनाकारण उकळायचा नाही, आणि आंबट रस तांब्या-पितळेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात ठेवायचा नाही. काच किंवा स्टील.

आता गाजर. याबद्दल सविस्तर लिहिते.

तिसऱ्या आठवड्यात एका रात्री गाजराच्या रसाची बाटली ओट्यावर राहिली. मी दमले होते, बाटली फ्रीजमध्ये ठेवली असं समजून झोपले. सकाळी दिसली. रंग सुरेख नारिंगी, फेस नाही, झाकण फुगलेलं नाही. हुंगून पाहिली, ताज्या गाजराचा वास. बाबा खुर्चीत बसून पाहत होते. मी बाटली बेसिनमध्ये रिकामी केली तसं त्यांनी वही ओढली: "वास तर चांगला होता." खाली दोन रेघा. फळ, भाजी वाया घालवणं त्यांना आयुष्यात कधी पटलेलं नाही.

मी त्यांच्याजवळ बसून समजावलं. संत्रं, सफरचंद, द्राक्ष, डाळिंब हे रस आंबट असतात, त्यांचा सामू (पीएच; जितका कमी तितकं आंबट) चारच्या आसपास किंवा त्याखाली असतो. गाजराचा सहाच्या जवळ; कलिंगड आणि बीटही पाचाच्या वर. यात 4.6 ही रेघ महत्त्वाची. बोट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा आजार घडवणाऱ्या जिवाणूचे बीजाणू मातीत असतात, आणि गाजर मातीतच वाढतं. 4.6 च्या खाली ते बीजाणू झोपलेलेच राहतात. त्याच्या वर, हवा नसलेल्या बंद बाटलीत, ऊब मिळाली तर ते जागे होऊन विष तयार करू शकतात. त्या विषाला वास येईलच, चव बदलेलच असं नाही. साध्या उकळीनं बीजाणू मरत नाहीत. 2006 मध्ये अमेरिका आणि कॅनडात बाटलीबंद, पाश्चरीकरण केलेल्या (जंतू मारण्यासाठी तापवलेल्या) गाजराच्या रसातून काही जणांना पक्षाघात झाला होता. रस पुरेसा थंड न राहिल्याचं कारण पुढे आलं. आमच्या ओट्यावर एका रात्रीत तसं झालंच असतं असं मी म्हणत नाही. पण इतर जिवाणूही रात्रभरात भरमसाट वाढतात, आणि ते नाकाला कळतीलच याची खात्री नाही. द्राक्षाचा रस बिघडला की फसफसतो, आंबूस वास मारतो, सांगून नासतो. गाजराचा रस सांगेलच असं नाही.

बाबांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग वहीत लिहिलं, "मग बाटलीवर वेळ लिही."

त्या दिवशी दोन गोष्टी केल्या. एक, बाजारातून साधा तापमापक आणून फ्रीजमध्ये ठेवला. दारातल्या कप्प्यात आठ अंश निघाले, आत मागच्या बाजूला पाच. दार सारखं उघडतं, तिथं गारवा टिकत नाही. बटण फिरवून आतलं तापमान चारच्या खाली आणलं आणि बाटल्या मागे सरकवल्या. दोन, नियम ठरवले. गाजर, बीट, कलिंगड यांचा रस त्याच दिवशी संपवायचा, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी. गाजरात लिंबू पिळलं तरी हाच नियम, कारण सामू किती उतरला हे घरी कळत नाही. आंबट फळांचा रस जास्तीत जास्त दोन दिवस. दोन तासांहून जास्त बाहेर राहिलेला रस, कोणताही असो, टाकायचा.

आंबट रसही बिनधोक नसतो, हे मला आधी माहीत नव्हतं. 1996 मध्ये अमेरिकेत पाश्चरीकरण न केलेल्या सफरचंदाच्या रसातून ई. कोलाय या जिवाणूची मोठी लागण झाली होती, त्यात एक लहान मूल दगावलं. म्हणून फळ कापण्याआधी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवायचं, सोलायचं असलं तरी, कारण सालीवरची घाण सुरीबरोबर आत जाते. ज्युसरची जाळी लगेच, ब्रशनं. बाबांना मधे चार दिवस ताप होता, तेव्हा मी सफरचंदाचा रस 71 अंशांपर्यंत तापवून लगेच बर्फाच्या पाण्यात भांडं ठेवून गार केला. थोडं क जीवनसत्त्व गेलं असेल. अशक्त माणसाच्या बाबतीत मला तो सौदा मान्य आहे.

आणि फ्रीजर. रविवारी जास्तीचा रस काढून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायची, मग खडे पिशवीत भरून हवा दाबून काढायची. उणे 18 अंशांत दोन महिने चव छान राहते. डाळिंबाचा आणि संत्र्याचा तर फारच सुंदर. कलिंगड मात्र वितळलं की पाणी वेगळं, चोथा वेगळा, त्याचा नाद सोडला. बाटलीत गोठवायचा असेल तर वर दोन बोटं जागा सोडा. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं. माझी एक काचेची बाटली गळ्यापाशी तडकली आणि आतला सगळा रस टाकावा लागला, काचेची कपची दिसत नाही म्हणून. वितळवायचं ते फ्रीजमध्येच, ओट्यावर नाही.

सहा आठवड्यांनी तारा काढल्या. बाबांनी पहिलं मागितलं ते सफरचंद, कापून. पण जबडा इतका आखडला होता की तोंडात जेमतेम एक बोट शिरत होतं. फोड हातात धरून ते बराच वेळ बसले, मग माझ्याकडे दिली. मी ती मिक्सरमध्ये टाकली. आणखी तीन आठवडे गेले, रोज व्यायाम करून तोंड अर्धा-अर्धा मिलिमीटर उघडत.

आता ते सगळं खातात, आणि रोज रस लागतही नाही. चावून खाल्लेलं फळच बरं, त्यात चोथाही मिळतो. पण मी रविवारी दोन-तीन बाटल्या अजून भरते. झाकणांवर चिकटपट्टी लावायचं काम बाबांचं. काल संध्याकाळी फ्रीज उघडला तर मागच्या कप्प्यात त्यांच्या बारीक तिरप्या अक्षरात होतं: "गाजर. स. 7.10. रात्री संपवणे."