छपराचा तंबू, सोलापुरी शिलाई : आमच्या टी-३ची हिवाळी नोंद

मागील नोंद छपराच्या गळतीपाशी थांबली होती. नव्या वाचकांसाठी एवढे सांगतो की आमची गाडी १९८४ सालची फोक्सवॅगन टी-३, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली व्हॅन आहे. वेस्टफालिया या जर्मन कंपनीने केलेली ‘जोकर’ नावाची आतली मांडणी, मागच्या बाजूला १.६ लिटरचे ५० अश्वशक्तीचे डिझेल इंजिन आणि पुढून वर उचलणारे छप्पर असे तिचे रूप आहे. छप्पर उचलले की त्याच्या नि गाडीच्या मधली जागा झाकणारे कापड म्हणजे छपराचा तंबू. मी आणि माझा धाकटा भाऊ, आम्ही दोघांनी मिळून ती घेतली. तो स्टुटगार्टजवळ राहतो, गाडीही त्याच्याच नावावर आहे, आणि हिवाळ्यात ती तिथल्या एका शेतकऱ्याच्या कोठारात भाड्याने उभी असते. मी सोलापुरात राहत असल्यामुळे आणि शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा जास्त राहता येत नसल्यामुळे माझ्या वाट्याला उन्हाळ्यातले सहा आठवडे येतात. कामाची वाटणीही त्यावरून आपोआप ठरली : लोखंड त्याचे, कापड माझे.

गळती उघड झाली ती ऑस्ट्रियात. १९३५ साली खुला झालेला ग्रोसग्लॉकनरचा घाटरस्ता ४८ किलोमीटरचा असून त्यावर क्रमांक दिलेली ३६ वळणे आहेत, आणि होखटोर खिंडीपाशी तो २५०४ मीटर उंचीवर पोहोचतो. बहुतेक चढ आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये चढलो. तापमानाचा काटा वर सरकू लागला की आतला हीटर पूर्ण सोडायचा आणि इंजिनाची उष्णता आपल्या अंगावर घ्यायची, हा जुन्या गाड्यांचा ठरलेला उपाय. सोलापूरच्या मे महिन्यात वाढलेल्या माणसाला त्याचे विशेष वाटू नये, पण वाटले. रात्री तो रस्ता बंद असतो, म्हणून पलीकडे उतरून हायलिगेनब्लुटला मुक्काम केला आणि तिथे रात्रभर पाऊस लागला. पहाटे दोनच्या सुमारास माझ्या कपाळावर थेंब पडला. टॉर्च लावून पाहिले तर कापड जागच्या जागी कोरडे होते आणि पाणी शिवणीच्या एकेका भोकातून ओळीने उतरत होते.

तंबू काढून मी सोबत सोलापूरला आणला, आणि गळतीचे कारण घरी आल्यावर, शिवण उसवताना कळले. सुती कॅनव्हास पाणी अडवतो तो मुख्यतः फुगून : ओले झालेले सूत जाड होते आणि विणीतल्या फटी मिटतात. सुईने पाडलेले भोक मात्र दोऱ्यानेच बुजवायचे असते. आधीच्या कोणा मालकाने तंबू पुन्हा शिवून घेताना साधा पॉलिस्टरचा दोरा वापरला होता. तो मजबूत असतो, परंतु पाण्याने फुगत नाही, त्यामुळे प्रत्येक टाका म्हणजे एक उघडी मोरी झाली होती. यासाठी आत पॉलिस्टर आणि वरून सुताचे वेष्टण असलेला दोरा लागतो. मी टॉवेलच्या कारखान्यात विणकाम विभागात सव्वीस वर्षे काढली आहेत. आयुष्यभर पाणी पिणारे कापड केले आणि आता पाणी थोपवणारे करायला निघालो, तरी सुताचा स्वभाव तोच.

जुन्या कापडावरून थेट नमुना काढणे ही सर्वांत सोपी आणि सर्वांत महागात पडणारी वाट आहे. भावाने व्हिडिओ कॉलवर टेप लावून छपराची कड मोजून दिली, तेव्हा जुने कापड तिच्यापेक्षा चार सेंटिमीटर आखूड भरले, कारण चाळीस वर्षांत ते आटत गेले होते. म्हणून नवा कॅनव्हास कापण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजवला आणि गच्चीवर वाळवला. दहा मीटरच्या तुकड्यात ताण्याच्या (उभ्या धाग्यांच्या) दिशेने सुमारे चाळीस सेंटिमीटर गेले, बाण्याच्या (आडव्या धाग्यांच्या) दिशेने फारच थोडे. हे आधी केले नसते तर पहिल्या पावसानंतर छप्पर पूर्ण उघडलेच नसते.

त्यानंतरची चूक पूर्णपणे माझी. तंबूला दोन बाजूंना दोन त्रिकोण असतात आणि ते एकमेकांची आरशातली प्रतिमा असावे लागतात. आमच्या कॅनव्हासला सुलटी आणि उलटी बाजू आहे, आणि मी दोन्ही त्रिकोण एकाच हाताचे कापले. तिसरा कापावा लागला. वाया गेलेल्याच्या आता हत्यारांसाठी पिशव्या झाल्या आहेत.

शिलाई बाळीवेशीतल्या एका ताडपत्री शिवणाऱ्या कारागिराकडे केली. त्यांनी कागदी नमुना उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, “साहेब, हे गाडीचं टोपडं आहे होय?” ट्रकच्या ताडपत्र्या आणि मंडपाची कापडे शिवणारा त्यांचा हात भराभर चालतो, त्यामुळे दुमडीच्या शिवणीची घडी खालच्या बाजूला उघडी राहिली पाहिजे, कौलावर कौल बसते तशी, हे मी दोनदा सांगितले. “पाणी वरनंच पडणार की, ते काय मला सांगायचं?” असे ते म्हणाले, आणि शिवणी खरोखरच नेमक्या घातल्या. जाळीच्या खिडकीच्या चेनसाठी मात्र त्यांनी तीन दिवस लावले.

चाचणीसाठी गच्चीवर बांबूंचा सांगाडा बांधून तंबू ताणला, खाली वर्तमानपत्रे पसरली आणि तासभर नळीने पाणी मारले. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून बोअरचे घेतले. पहिल्या खेपेला कागदावर ठिकठिकाणी डाग उमटले, जे अपेक्षितच होते, कारण नवे सूत एकदा भिजून वाळल्याशिवाय नीट बसत नाही. दुसऱ्या खेपेला चेनच्या खालच्या कोपऱ्यापाशी एकच डाग उरला. तिथे आतून मेण घासले. तिसऱ्या खेपेला कागद कोरडा.

बैठकींना जाड सोलापुरी चादरीचे कापड लावले आहे. मोर नको, साधे पट्टे हवेत, हा भावजयीचा आग्रह योग्यच होता. मूळ चौकडीचे कापड जपून ठेवले आहे, कारण तीस वर्षांवरील गाडीला जर्मनीत मिळणारी एच पाटी (ऐतिहासिक गाडीची नंबरपाटी) तिच्या मूळ स्वरूपाशी बांधलेली असते, आणि त्या पाटीमुळे वार्षिक कर १९२ युरोंच्या आतच ठरलेला राहतो.

लोखंडाच्या बाजूचे थोडक्यात : इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे असल्याने पाणी गाडीच्या पोटाखालून लांबलचक नळ्यांनी ये-जा करते आणि त्यांत हवा अडकते. भावाने थर्मोस्टॅट आणि रबरी नळ्या बदलल्या, गाडीचे नाक जॅकवर चढवले आणि रेडिएटरच्या माथ्याचा स्क्रू सैल करून हवा काढली. गॅसच्या रेग्युलेटरला आणि नळीला दहा वर्षे होत आली आहेत. पुढच्या तपासणीआधी ती बदलायची आहेत.

तंबू पूर्ण वाळवून, घडी न घालता गुंडाळून ठेवला आहे. जूनमध्ये पोहोचल्यावर आधी वरची कड छपराला लावायची आणि मग, छप्पर पूर्ण उघडे ठेवूनच, खालची कड पट्टीखाली दाबून स्क्रू आवळायचे, कारण छप्पर बंद असताना कापडाचा ताण कळत नाही. त्या कामाला एक जण आत आणि एक जण बाहेर लागतो.