अष्टमीचे बोंबील

अष्टमीला वर्सोव्यात बोंबलांचा हट्ट धरू नये. धरलात तर कोळीवाड्याच्या बाजारात बसलेली कुठलीही मावशी तुम्हाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळते आणि सांगते, "भांग हाय ना बाय. पुनव येऊ दे, मग ये." पाटीत चार-दोन बोंबील असतातही, पण त्यांचा भाव ऐकून माणूस गपचूप दुसरं काहीतरी घेऊन घरी येतो.

कारण सोपं आहे. बोंबील, जवळा, करंदी ही डोलीतली मासळी. डोल हे पिशवीजाळं. ते समुद्रात एका जागी पक्कं बांधायचं, तोंड ओढीच्या समोर ठेवायचं आणि वाट बघायची. होडीनं मासळीच्या मागे धावायचं नाही. पाणीच मासळी आणून आत घालतं. तेव्हा पाण्याला जोर हवा. तो असतो अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे, उधाणात. अष्टमीच्या सुमाराला भरती फार चढत नाही, ओहोटी फार उतरत नाही, हाच तो भांग. त्या दिवसांत डोली अर्ध्या रिकाम्या येतात.

मी सात बंगल्याला राहते. आमच्या बिल्डिंगमध्ये पंचांगवालं कॅलेंडर आता मोजक्या घरांत उरलंय. त्यातलं एक माझं, आणि ते काही धार्मिकपणामुळे नव्हे. भरतीची वेळ काढायचा एक जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास धरून चालायचं. भरती दिवसातून दोनदा, आणि प्रत्येक भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. माझ्या वडिलांनी लहानपणी छडी खात खात पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, पाठ केली, पण तिचा असा रोजचा उपयोग त्यांना ठाऊक नव्हता. ते देशावरचे.

या हिशेबावर सगळं वर्सोवा चालतं, आणि निम्म्या वर्सोव्याला त्याचा पत्ता नसतो. चौपाटीवर क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना असतो, कारण ओहोटीला उघडी पडणारी ओली, टणक वाळू हीच त्यांची पिच. रविवारी सकाळी ओहोटी असली तर मॅच होते, भरती असली तर सुक्या भुसभुशीत वाळूत चेंडू उसळतच नाही आणि नुसती भांडणं होतात. महापालिका पावसाळ्याआधी साडेचार मीटरच्या वरच्या भरतीच्या दिवसांची यादी काढते, पेपरात ती चौकटीत छापून येते. त्या वेळी नेमका मुसळधार पाऊस पडला की पाण्याला समुद्रात उतरायला वाट राहत नाही आणि ते आपल्या रस्त्यांवरच मुक्काम ठोकतं. कचऱ्याचंही तेच. खाडीतून गेलेलं प्लॅस्टिक भरती इमानदारीत परत आणून टाकते. अफरोज शाह या वकिलांनी २०१५ च्या ऑक्टोबरात इथला किनारा साफ करायला घेतला, पुढे शेकडो माणसं त्यांना येऊन मिळाली आणि मार्च २०१८ मध्ये ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं या वाळूतून पाण्याकडे जाताना दिसली. त्या आठवड्यात आमच्या लिफ्टमध्ये चक्क कासवांवर गप्पा झाल्या. एरवी लिफ्टमध्ये कुणी कुणाशी बोलत नाही.

सगळे बोलतात ते धक्क्यावर. वर्सोव्याच्या धक्क्यावरून पलीकडच्या मढला फेरी जाते. रस्त्यानं मालाड-मार्वेला वळसा घालून जायचं तर वीसेक किलोमीटर, पाण्यातून पाच-दहा मिनिटं. फेरीत स्कूटर चढतात, सायकली चढतात, रिकाम्या पाट्या घेऊन मढच्या कोळणी चढतात, आणि मेकअप केलेले पोलीस चढतात. मढला शूटिंगसाठी भाड्यानं मिळणारे बंगले आहेत आणि यारी रोड, आरामनगर या भागात नट व्हायला आलेली पोरं-पोरी खच्चून भरलेली आहेत. ऑडिशनसाठी उन्हात रांगा लावणाऱ्यांच्या वस्तीला आरामनगर हे नाव शोभतं की नाही, हा प्रश्न मी त्यांच्यापुढे काढत नाही. तर एकदा फेरीत एका कोळणीनं असल्याच एका पोराकडे बराच वेळ रोखून पाहिलं आणि विचारलं, "काल रात्री मेलास ना रं तू?" पोरगा दचकला. मग समजलं, सिरियलमधला त्याचा ट्रॅक संपला होता. "हो मावशी," तो म्हणाला, "पण डेड बॉडी मिळालेली नाहीये अजून." "मग येशील परत," तिनं धीर दिला. सिरियलींचा तिचा अभ्यास पक्का होता. उतरताना तिची पाटी त्यानं उचलून दिली, तर पाटीखालचं पाणी त्याच्या खोट्या खाकी शर्टावर ओघळलं आणि ती म्हणाली, "आता खरा हवालदार वाटतस."

मेट्रोनं असली भेट होत नाही. ८ जून २०१४ ला वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि आमच्या उपनगराचं नाव घाटकोपरपर्यंत पाटीवर गेलं. पण त्या स्टेशनावर उतरून कोळीवाडा गाठायचा तर वर रिक्षाच करावी लागते. दारं उघडतात, माणसं फोनमध्ये बघत बाहेर पडतात. सोय मोठी आहे, मीही रोज तिनंच जाते. तक्रार नाही.

गणपतीत मात्र मेट्रोवालं आणि धक्क्यावालं वर्सोवा एका ठिकाणी येतं. मुंबईचे मोठे गणपती अनंत चतुर्दशीला जातात, पण आझादनगरचा अंधेरीचा राजा निघतो संकष्टीला आणि येतो आमच्या समुद्रात. चार पाऊण तीन, हिशेब सरळ आहे. पण मिरवणूक कुठल्या नाक्यावर किती वेळ नाचेल याला पाऊणकी लागू पडत नाही.

यारी रोडला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे, १९६१ साली स्थापन झालेली. देशभरातली मुलं तिथे माशांवर पीएचडी करतात. त्यातली एक मुलगी संध्याकाळी मावशीकडे सुरमई घेताना मी पाहिली. तिनं कल्ला उचलून आतला रंग पाहिला. मावशीनं विचारलं, "शालेत शिकवला काय?" पोरगी हसली. भाव काही कमी झाला नाही.

वासाचा विषय टाळून वर्सोव्यावर लिहिणं म्हणजे लबाडी. बांबूंच्या मांडवावर बोंबील वाळत असतात. दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून दोरीवर टाकायचे, एक या अंगाला, एक त्या अंगाला. ना खिळा, ना चिमटा. काळ्याभोर डोळ्यांची ती पांढुरकी, लिबलिबीत जोडी उन्हात तासागणिक बारीक होत जाते, कारण बोंबलात निम्म्याहून खूप जास्त पाणीच असतं. वारा फिरला की तो वास आमच्या सोसायटीत येतो आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी 'काहीतरी ॲक्शन घ्यायला हवी' असं टाकतं. मला या मंडळींची गंमत वाटते. गाव आधीचं, मांडव आधीचे, बिल्डिंगी परवाच्या. 'सी व्ह्यू' म्हणून चौरस फुटाला ज्यादा पैसे मोजताना समुद्राला वासही असतो हे ब्रोकरनं सांगितलं नसेल, पण तो दोष बोंबलांचा नाही. ॲक्शनवाल्या एका काकांना मी स्वतः हॉटेलात कुरकुरीत बोंबलाची दुसरी प्लेट मागवताना बघितलंय.

मावशींची तक्रार वेगळीच आहे, आणि ती मला जास्त पटते. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक बोटींना बंदी. गटारी बऱ्याचदा नेमकी त्यातच येते: गिऱ्हाईक दारात, बोटी किनाऱ्यावर, आणि पाटीत बर्फातला माल. मग बंदी उठते, नारळी पौर्णिमेला सोन्याचा कागद लावलेला नारळ दर्याला जातो, ताजी मासळी यायला लागते आणि तोवर आमच्या बिल्डिंगमधले निम्मे लोक श्रावण पाळून बसलेले असतात. श्रावण संपला की गणपती. गणपती गेले की पितृपंधरवडा. त्यानंतर नवरात्र. "म्हावरा येते तवाच तुमचा देव येते," मावशी म्हणते, आणि पंचांगवालं कॅलेंडर घरात टांगणारी मी यावर काही बोलूच शकत नाही.

तिचा श्रावण निभावतो तो तिसऱ्या मजल्यावरच्या बंगाली काकांवर, दोन मल्याळी घरांवर आणि आरामनगरच्या पोरांवर, ज्यांना कुठलाच वार पाळणं परवडत नाही. बंगाली काका सकाळी सातलाच पिशवी घेऊन हजर असतात. ते येताना दिसले की ती पाटीवरचं ओलं फडकं बाजूला करते आणि भाव वीस रुपयांनी चढवते. त्यातले दहा ते घासाघीस करून कमी करून घेतात, आणि दोघंही खूश.