खुराडे बांधताना आधी उन्हाचा विचार

एप्रिलचा तिसरा रविवार, रात्र

परसातल्या खुराड्याच्या पत्र्यावर आज तुराट्यांचा थर चढला आणि छपराचे काम संपले. हे काम हाती घेण्यापूर्वी मी खुराड्यांचे जे आराखडे पाहिले, त्यांतले बहुतेक थंड मुलखातले होते: चारही बाजूंनी फळ्या ठोकलेल्या, एकच लहान खिडकी ठेवलेली, आतली ऊब आतच राहावी अशी बंद लाकडी पेटी. बर्फ पडणाऱ्या ठिकाणी ती रचना योग्यच आहे. सोलापुरात मात्र तीच पेटी मे महिन्यात भट्टी होईल. म्हणून आपल्याकडे खुराडे बांधायचे ते आधी उन्हासाठी आणि त्यानंतर मुंगसासाठी, हे मी सुरुवातीलाच ठरवले आणि पुढचा प्रत्येक निर्णय त्यावरूनच घेतला.

कोंबडीला घाम येत नाही. तिच्या शरीराचे तापमान ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते आणि भोवतालची हवा त्याहून गार असेल तोवर तुऱ्यातून व उघड्या कातडीतून उष्णता बाहेर जात राहते. पण सोलापूरचा पारा ४२-४३ अंशांवर गेला की हवा कोंबडीच्या अंगापेक्षाही तापलेली असते, उष्णता बाहेर पडायची ती वाट बंद होते आणि चोच उघडून धापा टाकणे, म्हणजे श्वासावाटे पाण्याची वाफ बाहेर टाकणे, एवढाच उपाय त्या जिवाकडे उरतो. हे नीट समजल्यावर जाळी, लाकूड, रंग यांच्याकडे पाहण्याची माझी दृष्टीच बदलली. सावली, वारा आणि पिण्याचे पाणी या तीन गोष्टींत जे उणे पडेल त्याची किंमत ती मुकी पाखरे मोजणार.

खुराडे ६ फूट लांब आणि ४ फूट रुंद आहे. मोठ्या पक्ष्याला आत साधारण २ चौरस फूट जागा पुरते असे सांगतात. मी सहा कोंबड्यांसाठी त्याच्या दुप्पट जागा ठेवली, कारण गर्दीत एकीच्या अंगाची ऊब दुसरीला लागते. लांबी पूर्व-पश्चिम ठेवली, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन फक्त अरुंद बाजूंवर पडते. त्या दोन बाजूंना फळ्या आहेत आणि लांब बाजू गुडघाभर विटांच्या वर पूर्ण जाळीच्या आहेत.

तरीही खरी परीक्षा छपराची. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य सोलापूरच्या थेट माथ्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्या दिवसांत भिंतींनी काही साधत नाही, जे काही अडवायचे ते छपराने. आई मंगळवेढ्याकडच्या माळवदाच्या घरात वाढली आहे. लाकडी तुळयांवर पांढऱ्या मातीचा जाड थर असल्यावर भर उन्हात घरात कसा गारवा राहतो, हे तिने अनुभवलेले आहे. “पत्रा उघडा ठेवू नकोस रे, त्याच्यावर काहीतरी घाल,” असे ती पहिल्यापासून सांगत होती. मातीचे ओझे या चार खांबांना पेलणार नाही, म्हणून पत्र्याला चुना मारला आणि त्यावर तुराट्यांचा वीतभर थर अंथरून तारेने घट्ट बांधला, नाहीतर वळवाच्या पहिल्याच वादळात तो शेजारच्या अंगणात जाऊन पडेल. तुराट्या सहज पेट घेतात आणि त्यांत उंदीर घर करतात, म्हणून हा थर दरवर्षी बदलावा लागेल. पत्रा दोन्ही लांब बाजूंना दोन-दोन फूट बाहेर काढला आहे.

खांब जुन्या हातमागाच्या मोडीतल्या सागवानाचे आहेत. सोलापुरात असे लाकूड अजून मिळते आणि ते चांगले मुरलेले असते. आमची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात, त्यामुळे वरवर रोवलेला खांब वर्षभरात कलतो. मुरूम लागेपर्यंत खड्डे खणले. खुराड्याच्या कामात सर्वांत जास्त कष्ट तिथेच पडले आणि ते सार्थकी लागले असे मला मनापासून वाटते.

बाजारात कोंबडीजाळी म्हणून मिळणारी षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, पण मुंगसाला बाहेर ठेवत नाही. म्हणून अर्धा इंची वेल्डेड जाळी लावली आणि ती जमिनीखाली फूटभर उतरवली. दाराला दोन कड्या आहेत.

आतल्या रचनेला वेळ लागला नाही. बसण्याचे दांडे दोन इंच जाड, कडा गोल केलेले आणि अंड्यांच्या खोक्यांपेक्षा उंचावर. खोकी खालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, नाहीतर कोंबड्या रात्री खोक्यांतच झोपतात आणि अंडी घाण होतात. सहा जणींना फूटभर लांबी-रुंदीची दोन खोकी पुरतील. खाली भाताचे तूस पसरणार, उन्हाळ्यात दोनच इंच, कारण जाड गादी कुजताना स्वतःच उष्णता सोडते.

आपल्या उन्हाळ्याची हवा कोरडी असते, याचा उपयोग करून घ्यायचा आहे. वाऱ्याच्या बाजूला ओले गोणपाट टांगले की वाळ्याच्या कूलरसारखी गार हवा आत येते. तूस मात्र भिजू द्यायचे नाही, कारण ओल्या तुसात रक्ती हगवण पसरते. पाऊस सुरू होऊन हवा दमट झाली की गोणपाटाचा उपयोग संपतो. पिण्याच्या पाण्यासाठी मातीची पसरट भांडी आणली आहेत. नळाला रोज पाणी येत नसल्याने कोंबड्यांसाठी एक रांजण वेगळा ठेवणार आहे, कारण उन्हात त्यांचे पाणी पिणे दुपटीहून जास्त वाढते.

तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या, मृगाचा पाऊस पडल्यावरच आणायच्या, आणि त्याही राणीखेत रोगाची लस टोचलेल्या. भर उन्हात पाटीतून आणलेला पक्षी प्रवासातच अर्धा खचतो. तोवर खुराडे रिकामेच तापू द्यावे आणि पाहावे. उद्यापासून दुपारी एक तापमापक आत दांड्याच्या उंचीवर आणि दुसरा कडुनिंबाच्या सावलीत टांगणार आहे. आतला आकडा बाहेरच्यापेक्षा जास्त निघाला, तर तुराट्यांचा थर आणखी वीतभर वाढवीन.