एलीयाची भाकर

आज सदर भागातल्या चर्चमध्ये उपासनेनंतर मंडळीतल्या एका मुलीनं विचारलं, "काका, मन फार थकलंय. काय वाचू?"

मी आधी बायबलातल्या '१ राजे' या पुस्तकाचा अध्याय १९ सांगितला. त्यात एलीया हा संदेष्टा झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागतो. देवदूत त्याला रागावत नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो. बाबा गेले त्या वर्षी मी रात्री हाच अध्याय उघडून बसायचो.

मग ८८ वं स्तोत्र. ते अंधारातच संपतं, तरी बायबलात आहे. रडणं म्हणजे अविश्वास नव्हे, हे मला तिथं कळलं.

आणि लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, 'स्मृतिचित्रे'. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांना नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत बायबलचा नवा करार मिळाला; १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधल्या काळातला विरह, संताप, काहीच त्यांनी लपवलं नाही. श्रद्धेला इतका वेळ लागू शकतो! हे पुस्तक आपल्या घराघरांत हवं.

डॉक्टरांच्या गोळ्या मात्र सोडू नकोस, हेही तिला बजावलं. माझी प्रत उद्या तिच्याकडे जातेय.