माळा, लेंड्या आणि वेलोरची चिचुंद्री

रविवार, रात्रीचे साडेअकरा

गणपतीआधी माळा आवरायचा म्हणून सकाळी शिडीवर चढलो. लालबागच्या चाळीतला माळा म्हणजे काय ते सांगायला नको. आजीची परात उचलली तर खाली मूठभर लेंड्या, सुकून खडखडीत. घेतली केरसुणी नि लागलो झाडायला, तर खालून भाची ओरडली, "मामा, थांब! सुकं झाडू नकोस!"

ती एमएस्सी मायक्रोबायोलॉजी करतेय, त्यामुळे सध्या घरात कशाला हात लावायची चोरी. मला मास्क लावायला लावला, ब्लीचिंगचं पाणी शिंपडलं, पाच-दहा मिनिटं भिजू दिलं, मग फडक्याने टिपलं. म्हणे हंताव्हायरस उंदराच्या मुतात-लेंड्यांत असतो, सुकला की धुळीबरोबर आपल्या फुफ्फुसात. आणि उंदीर? त्याला काहीच होत नाही, तो मजेत.

चहावर मग विषयच तो. कोरियन युद्धात सुमारे ३००० सैनिक ज्या तापाने आजारी पडले त्याचा व्हायरस १९७६ मध्ये हो वांग ली यांना शेतातल्या उंदराच्या फुफ्फुसात सापडला, आणि तिथल्या हंतान नदीवरून अख्ख्या खानदानाला नाव पडलं. पण त्याच्या बारा वर्षं आधी, १९६४ ला, आपल्या वेलोरला जपानी मेंदूज्वराचा सर्व्हे चालू असताना एका चिचुंद्रीत एक व्हायरस मिळाला होता, थोट्टापलायम. तो ह्याच खानदानातला, हे कळायला मात्र पुढे खूप वर्षं गेली. म्हणजे पहिला आपला, नाव कोरियाचं! (आणि चिचुंद्री मुळात उंदीरच नाही, हेही मला आजच कळलं. पन्नाशी आली.) थोट्टापलायमने माणूस आजारी पडल्याचं अजून दिसलेलं नाही म्हणे.

अमेरिकेत तर उलटंच, १९९३ ला असा एक हंताव्हायरस सापडला तर आपल्या गावाचं नाव त्याला नको म्हणून लोकांनी बोंब मारली, शेवटी नाव ठेवलं सिन नोंब्रे, स्पॅनिशमध्ये बिननावाचा.

न्यूयॉर्कमध्ये १३३ उंदीर पकडून त्यांच्यातले सगळे जनुकीय तुकडे वाचले तर १८ व्हायरस असे निघाले जे आधी कोणी पाहिलेच नव्हते. मी घाबरलो तर भाची म्हणते, "अरे, सापडला म्हणजे चावला असं नसतं मामा, आणि नवीन म्हणजे आपल्याला नवीन, उंदरात तो कधीपासूनचा असेल." पटलं. तरी आपल्याकडच्या घुशी कोणी असं बसून वाचल्या तर काय काय निघेल, हे डोक्यातून जाईना.

आत्ता लिहिताना मोरीतून चीं चीं. आलीच बाई, रोजच्यासारखी भिंतीला चिकटून, तो वास घेऊन. आजी म्हणायची हिला मारायचं नाही, लक्ष्मी असते. मारली नाही. पाय तेवढे खुर्चीवर घेतले.